चेरोकी लोकांची हस्तलिखिते

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील डोंगराळ प्रदेशात चेरोकी नावाचे मूळ रहिवासी लोक पूर्वापार राहत आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या भाषेला लिपी नव्हती. वडीलधाऱ्यांच्या मुखातून जे ऐकावे, तेच पुढच्या पिढीला सांगावे, अशी रीत होती. ही उणीव सिक्वोया नावाच्या एका चेरोकी कारागिराने दूर केली. त्याला कोणतीही भाषा लिहिता-वाचता येत नव्हती; परंतु गोरे लोक कागदावरील खुणांच्या साहाय्याने दूरच्या माणसाशी बोलतात, हे त्याने पाहिले होते. अनेक वर्षे खटपट करून १८२१ साली त्याने आपल्या भाषेची लिपी सिद्ध केली. ‘का’, ‘की’, ‘कू’ यांपैकी प्रत्येकासाठी निराळेच चिन्ह असावे, अशा धर्तीची ही लिपी आहे. आज तिच्यात ८५ चिन्हे आहेत. ती शिकण्यास इतकी सोपी ठरली, की थोड्याच वर्षांत हजारो चेरोकी लोक लिहू-वाचू लागले. १८२८ साली न्यू एकोटा येथे ‘चेरोकी फिनिक्स’ हे त्यांचे वृत्तपत्रही निघाले.

परंतु या लोकांवर लवकरच मोठे संकट कोसळले. १८३० साली अमेरिकेच्या सरकारने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा केला. १८३८-३९ मध्ये चेरोकींना सैन्याच्या बळावर घरांतून बाहेर काढण्यात आले. त्या प्रवासाच्या हालअपेष्टांत सुमारे चार हजार माणसे दगावली, असे मानतात. ‘अश्रूंची वाट’ या नावाने तो प्रवास इतिहासात ओळखला जातो. बहुतेक लोक आजच्या ओक्लाहोमा राज्यात गेले. थोडे लोक नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत मागे राहिले. भूमी सुटली, तरी लेखणी सुटली नाही. दोन्हीकडचे लोक पत्रे, हिशेब, सभांची इतिवृत्ते आणि चर्चच्या नोंदी आपल्याच लिपीत लिहीत राहिले.

वैद्य लोकही मंत्र आणि औषधोपचार साध्या वह्यांत टिपून ठेवीत. १८८७ साली जेम्स मूनी हा संशोधक नॉर्थ कॅरोलायनात गेला, तेव्हा आयूनिनी नावाच्या वैद्याकडे त्याला अशी एक वही आढळली. ती सुमारे २४० पानांची रोजकीर्द होती आणि तिची निम्मी पाने चेरोकी अक्षरांनी भरलेली होती. ही विद्या परक्यास सांगू नये, असा इतर वैद्यांचा आग्रह होता. मूनीने आयूनिनीला सांगितले, की जाणती म्हातारी माणसे गेल्यावर चेरोकींना किती ज्ञान होते, हे जगाला कळावयास हवे. त्यासाठी ही नोंद करावयाची आहे. अखेर आयूनिनी राजी झाला. मूनीने दोन वर्षांत सुमारे सहाशे मंत्र गोळा केले. १८९९ साली आयूनिनी मरण पावला; त्याच्या वहीतील मजकूर १९३२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

अशा कागदांचे शत्रू पुष्कळ असतात. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली जुनी शाई कालांतराने कागदच खाऊ लागते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. दमट हवेने बुरशी धरते, उजेडाने अक्षरे फिकी होतात, घडीच्या जागी कागद तुटतो. म्हणून असे कागद सपाट ठेवून, आम्लरहित कागदाच्या वेष्टनात, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी जपावे लागतात. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावणे हा उपाय अपायकारक ठरतो. कारण तिच्यावरील गोंद कागदात मुरतो. पानांची छायाचित्रे घेऊन ठेवली, म्हणजे मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही. पत्र कोणाच्या घरातून आले आणि लिहिणारा कोणाचा कोण, हेही त्याच वेळी टिपून ठेवावे लागते. ही माहिती सांगणारे माणूस गेल्यावर पत्रातील नावे नुसती नावेच उरतात.

तथापि, कागद टिकला म्हणजे काम संपले, असे नाही. सिक्वोयाच्या लिपीत स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्व आणि आवाजाचे चढउतार दाखविले जात नाहीत. त्यामुळे नुसती चिन्हे ओळखून शब्दाचा निश्चित उच्चार कळत नाही. तो नेमका कोणता शब्द आहे, हे भाषा बोलणारा माणूसच संदर्भावरून सांगू शकतो. त्यात प्रत्येकाच्या हस्ताक्षराचे वळण निराळे, आणि ते छापील अक्षरांहूनही भिन्न. आज चेरोकी ही मातृभाषा असलेले लोक अवघे दोन हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतील बरेच वयोवृद्ध आहेत. २०१९ साली चेरोकींच्या तिन्ही शासनमान्य समाजांनी एकत्र येऊन, आपली भाषा संकटात असल्याचे जाहीर केले.

म्हणून अलीकडे या कार्याला नवे वळण लागले आहे. १९९९ साली चेरोकी अक्षरांना संगणकाच्या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. आता जुन्या पत्राचे चित्र, त्याचा शब्दशः उलगडा, भाषांतर आणि वृद्धांच्या आवाजातील वाचन ही एकत्र ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. वैद्यांचे मंत्र मात्र सर्वांसाठी खुले करावेत की नाही, हे त्या समाजानेच ठरवावे, हा विचार आज मान्यता पावत आहे. आयूनिनीसमोर उभा राहिलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

पणजोबांचे पत्र पेटीत सुखरूप असावे आणि घरात कोणालाही ते वाचता येऊ नये, ही स्थिती पत्र हरवल्यापेक्षा फारशी वेगळी नव्हे. आजोबा जवळ बसून वाचून दाखवीत आहेत आणि नातू ती अक्षरे गिरवीत आहे, असे ज्या घरी घडते, तेथे त्या पत्राचे खरे जतन होते.