एका दिवसात पाच धबधबे

आषाढ लागला की पुण्यामुंबईच्या दुकानांच्या पाट्यांवर, महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि अलीकडे प्रत्येकाच्या हातातील फोनवर एकच घोषणा झळकू लागते : एका दिवसात पाच धबधबे! पहाटे पाचला बस, वाटेत पोहे आणि चहा, दुपारी एखाद्या गावात पिठले-भाकरी, सोबत ‘अनुभवी मार्गदर्शक’ आणि रात्री दहाच्या सुमारास पुन्हा घरी. सोमवारी सकाळी कचेरी गाठावयाची असल्याने मुक्कामाचा खर्च नको, रजेचा अर्जही नको. ज्यांच्या वाट्याला आठवड्याचा एकच दिवस मोकळा येतो, त्यांना ही योजना आकर्षक वाटावी यात नवल नाही.

या सहलींकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. सह्याद्री पाहणे ही एके काळी मोजक्या गिर्यारोहकांची आणि स्वतःची मोटार असणाऱ्यांची मिरासदारी होती. शाळेतील शिक्षिका, बँकेतील कारकून, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी यांना तो आगगाडीच्या खिडकीतून दिसे तेवढाच. माणशी ठराविक रक्कम भरून, अनोळखी परंतु समानधर्मी मंडळींबरोबर एक दिवस डोंगरात घालविता येणे, ही सामान्यांच्या जीवनात पडलेली मोलाची भर आहे. प्रश्न इतकाच की, ज्या ‘मार्गदर्शका’च्या भरवशावर चाळीस माणसे बसमध्ये बसतात, त्याच्याकडून नेमके काय विकत घेतले जाते? आणि जे विकत घेतले जाते, तेच त्यांना हवे असते काय?

पंधरा रविवारांचा हंगाम

महाराष्ट्रात इतके धबधबे का, याचे उत्तर भूगर्भात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजत गेले, कठीण थर उभे राहिले आणि घाटमाथ्याला प्रचंड पायऱ्यांचे रूप आले. या पायऱ्यांवरून पावसाळ्याचे पाणी खाली झेपावते. परंतु पाऊस चार महिन्यांचा असल्याने यांतील बहुतेक धबधबेही पावसाळ्यापुरतेच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मोजले, तर हाती लागतात पंधरा-सोळा रविवार. वर्षभराची सगळी मागणी या पंधरा रविवारांवर तुटून पडते. गर्दी, घाई आणि अपघात या तिन्हींचे मूळ या एका आकड्यात सापडते.

साताऱ्याचे उदाहरण पाहावे. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, सज्जनगडाच्या वाटेने पुढे गेले की ठोसेघरचा धबधबा लागतो. शहराच्या दुसऱ्या अंगाला, यवतेश्वरचा घाट चढून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आणि त्याच्याही पलीकडे भांबवलीचा, टप्प्याटप्प्यांनी कोसळणारा वजराई. म्हणजे एक पाहून शहरात उतरावयाचे आणि दुसऱ्यासाठी पुन्हा घाट चढावयाचा. पुण्याहून साताऱ्याला जाऊन यावयाचे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. त्यात या दोन दिशांची भर घातली, की बसचा प्रवास तीनशे किलोमीटरच्या वर जातो. धुके, घाट आणि रविवारची वाहनांची रांग लक्षात घेता, पहाटे पाच ते रात्री दहा या सतरा तासांतील नऊ-दहा तास बसमध्येच जातात. चहा-जेवणाचे दोन वजा केले, की पाचएक तास उरतात. या पाच तासांत पाच धबधबे बसवावयाचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक तास येतो आणि त्यातच चिखलातून जाण्यायेण्याची पायपीट!

अशा आखीव वेळापत्रकात बस कोठे तासभर अडकली, तर तो तास कोठून भरून काढावयाचा? जेवण टाळता येत नाही, अंतर कमी करता येत नाही आणि जाहिरातीत छापलेला पाचाचा आकडा तर मुळीच कमी करता येत नाही. मग ज्या एका गोष्टीला काट मारणे शक्य असते तिला ती मारली जाते आणि ती गोष्ट म्हणजे सावधगिरी. पाण्याचा अंदाज घ्यावयास दहा मिनिटे थांबणे, मंडळींना वाट समजावून सांगणे, मागे राहिलेल्यांची वाट पाहणे हे सर्व ‘वेळ खाणारे’ ठरते.

चांगला माल बाजाराबाहेर

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधा सिद्धांत मांडला. पुढे २००१ साली ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांत त्याचा समावेश होता. विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते, ग्राहकाला ती ओळखता येत नाही. साहजिकच ग्राहक चांगल्या मालालाही सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. उरतो तो निकृष्ट माल.

पावसाळी सहलींच्या बाजाराला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. जाहिरातीत ‘अनुभवी मार्गदर्शक’ सर्वच लिहितात. दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि दर दहा-बारा माणसांमागे एक जाणता माणूस ठेवणारा आयोजक कोण, आणि दोन वेळा ती वाट चाललेल्या तरुणाच्या हाती चाळीस माणसे सोपविणारा कोण, हे पैसे भरताना ग्राहकाला कळत नाही. त्याला दिसतात दोनच गोष्टी : दर आणि धबधब्यांची संख्या. परिणामी स्पर्धा या दोहोंचीच होते. दर उतरत जातो, संख्या चढत जाते आणि ज्याने सुरक्षिततेवर खर्च केला तो महागडा ठरून मागे पडतो. येथे कोणी दुष्ट असावा लागत नाही. बाजाराची रचनाच प्रामाणिक माणसाला शिक्षा करते.

या साखळीच्या अगदी टोकाला गावातला माणूस असतो. ओढ्याचा प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी वाढते, पाण्याचा रंग गढूळ होतो, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज बदलतो, हे त्याला कोणत्याही पुस्तकावाचून समजते. हे ज्ञान हेच मार्गदर्शनाचे खरे भांडवल. परंतु सहलीच्या हिशेबात त्याची जागा बहुधा भाकरी करणाऱ्या घराच्या आणि गाडी उभी करण्याच्या पैशांच्याही खाली असते. अनेकदा त्याला बोलाविलेच जात नाही.

‘नाही’ म्हणण्याची किंमत

मार्गदर्शकाचे काम वाट दाखविण्याचे, असा समज आहे. वाट काय, फोनही दाखवितो. मार्गदर्शकाचे खरे काम ‘आज नाही’, ‘येथून पुढे नाही’ असे सांगण्याचे आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते काही साहसाला निघालेले नव्हते. पाण्यात उभे राहण्याचा साधा आनंद त्यांना घ्यावयाचा होता. पाणी चढले आणि परतीची वाट काही क्षणांत बंद झाली. डोंगरातील पाणी असे येते, हे शहरात वाढलेल्या माणसाने कोठे शिकावे? ते सांगणारा माणूस त्याच्या शेजारी असावा लागतो आणि त्याचा शब्द चालावा लागतो.

परंतु आजच्या व्यवस्थेत ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नुकसानच होते. आयोजकाने पाच धबधब्यांचे पैसे घेतलेले असतात. तीनच दाखविले तर लोक पैसे परत मागतात. मार्गदर्शकाने फार वेळा अडविले, तर पुढल्या रविवारी दुसरा नेमला जातो. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते, तो बहुधा ‘चला, लवकर आटपा’ असेच म्हणणार. सुरक्षितता हवी असेल, तर प्रथम ‘नाही’ स्वस्त झाले पाहिजे.

शासनाने यावर शोधलेला उपाय म्हणजे बंदी. अपघात झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो. तातडीच्या प्रसंगी असा हुकूम आवश्यक असतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बंदीला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही आणि म्हणूनच ती शासनाला प्रिय असते. एका धबधब्यावर पोलीस उभे राहिले, की गर्दी ज्या धबधब्यावर पोलीस नाहीत तेथे वळते. राजरोस व्यवसाय करणारा गावकरी घरी बसतो आणि चोरवाटेने नेणाऱ्याचे फावते. बंदीने मागणी नष्ट होत नाही, ती काळोखात जाते.

मधला मार्ग

सर्वांच्या मालकीची वस्तू अखेर उद्ध्वस्त होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली प्रतिपादन केले, तेव्हापासून सरकारी नियंत्रण वा खासगी मालकी हे दोनच पर्याय समोर ठेवण्याची प्रथा पडली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात जगभरची कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून तिसरी शक्यता दाखवून दिली : जे लोक त्या संपत्तीवर जगतात, त्यांनी स्वतः केलेले आणि स्वतः राबविलेले नियम अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अर्थशास्त्रात तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून घोषित झाली, त्यांत कास होते. फुलांच्या हंगामात तेथे दररोज ठराविक संख्येनेच प्रवेश दिला जातो, शुल्क घेतले जाते आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांतील लोकांचा सहभाग असतो. गोव्याच्या सीमेवरील, सुमारे ३१० मीटर उंचीच्या दूधसागरला कुळ्याहून स्थानिकांच्या जीपगाड्या जातात. जंगलातील ओहोळांना पूर आला की पावसाळ्यात त्या बंद ठेवल्या जातात. ऐन हंगामातील उत्पन्न सोडून गाड्या थांबतात, हे महत्त्वाचे. जुलै २०२३ मध्ये अडचण निर्माण केली ती रुळांवरून चालत धबधबा गाठू पाहणाऱ्या, कोणाच्याच मार्गदर्शनाखाली नसलेल्या गर्दीने.

हाच धडा घाटमाथ्यावरील इतर धबधब्यांना लावता येईल. गावातील मार्गदर्शकांची ग्रामपंचायत आणि वन विभाग यांनी मिळून नोंदणी करावी, त्यांना बचावाचे शिक्षण द्यावे. नोंदलेल्या मार्गदर्शकावाचून सहलीच्या बसला प्रवेश नसावा. त्याचा मोबदला धबधब्यांच्या संख्येवर नव्हे, दिवसावर ठरावा; पाणी वाढले म्हणून तो दाराशीच थांबला, तरी तो पूर्ण मिळावा. खडकावर पाण्याच्या पातळीची ठळक खूण असावी आणि पाणी तिच्यावर चढले, की वाट बंद करण्याचा अधिकार गावाला असावा. अशा कारणाने सहल अपुरी राहिल्यास पैसे परत मागता येणार नाहीत, ही अट पावतीवरच छापलेली असावी.

यामुळे सहली महागतील, असा आक्षेप येईल. हिशेबापुरते समजा की चाळीस माणसांमागे तीन मार्गदर्शक घेतले आणि प्रत्येकाला दिवसाचे दीड हजार रुपये दिले. एकूण साडेचार हजार. माणशी सव्वाशे रुपयांहून कमी. इतकी वाढ विद्यार्थ्यालाही जड जाऊ नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समित्या निव्वळ नाक्यावर पैसे गोळा करणाऱ्या टोळ्या बनतील, ही भीती निराधार नाही. तिच्यावर उपाय एकच : जमा किती, खर्च कशावर, हे त्याच नाक्यावरील फळ्यावर दर आठवड्याला लिहिणे. ज्या गावाला फळा लिहिता येत नाही, त्या गावाला शुल्क घेण्याचा अधिकार असू नये.

तरीही अखेरची जबाबदारी प्रवाशांचीच राहते. शेवटच्या वळणावर गावचा माणूस थांबतो, पाण्याकडे क्षणभर पाहतो आणि हात वर करतो. बस मागे वळते आणि मागच्या आसनांवरून कुरकुर ऐकू येते : दोनच झाले, पैसे फुकट गेले! या कुरकुरीतच सगळा प्रश्न साठलेला आहे. न पाहिलेला धबधबा हा त्या दिवसाचा तोटा नव्हे. ज्याच्यासाठी पैसे मोजले होते ते मार्गदर्शन त्याच क्षणी पदरात पडलेले असते. रात्री दहाला चाळीसच्या चाळीस माणसे आपापल्या दाराची कडी वाजवितात. धबधबा काय, पुढल्या पावसाळ्यातही तेथेच असणार आहे.