वशिल्याची खिडकी

मुलींच्या वसतिगृहाची प्रतीक्षायादी सांभाळणारा प्रोग्राम जावात लिहायचा होता. यादी म्हटल्यावर हात आपसूक ‘ॲरेलिस्ट’कडे गेला. माझा क्लास तिचा वारस केला. घालणं, काढणं, मोजणं सगळं आयतं मिळालं. एकच नाव दोनदा येऊ नये म्हणून ‘ॲड’ तेवढी नव्याने लिहिली. अर्ध्या तासात काम आटोपलं.

जुन्या रजिस्टरातली नावं एकदम भरली आणि काही मुली यादीत दोनदोनदा दिसू लागल्या. ती नावं ‘ॲडऑल’मधून आली होती. ॲरेलिस्टची ‘ॲडऑल’ सगळा गठ्ठा आतल्या ॲरेत थेट उतरवते, माझ्या ‘ॲड’ला विचारतसुद्धा नाही. ‘हॅशसेट’ची ‘ॲडऑल’ मात्र एकेक वस्तू ‘ॲड’कडूनच पाठवते! दारात रखवालदार बसवावा आणि माणसं गच्चीवरून उतरावीत, तसं झालं.

‘ॲडऑल’ही नव्याने लिहिली. पुढच्या आठवड्यात शेवटचं एक नाव पहिल्या क्रमांकावर. सहकाऱ्याने ‘ॲड’ला जागा शून्य दिली होती. त्याला काय बोलणार? वशिल्याची खिडकी मीच उघडी ठेवली होती. जावाच्या स्वतःच्या ‘स्टॅक’चीही हीच गत. तो ‘व्हेक्टर’चा वारस, त्यामुळे ताटांच्या चळतीत तळाशीही ताट सरकवता येतं. १९९८ साली जावा १.२ बरोबर आलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क रचणारे जोशुआ ब्लॉक ‘इफेक्टिव्ह जावा’त बजावतात, की वारसा घेण्यापेक्षा ती वस्तू आपल्या पोटात ठेवा. वाचलं होतं मी ते. तरीही.

मग क्लास नव्याने मांडला. ॲरेलिस्ट आत, प्रायव्हेट. बाहेर चारच मेथड: शेवटी नोंदव, पुढचीला बोलव, नाव काढ, किती उरल्या. यादी छापायला इटरेटर हवा. तो आतल्या यादीचा जसाच्या तसा देणार होते, तेवढ्यात आठवलं, ‘रिमूव्ह’ त्याच्याकडेही असते. म्हणून यादी आधी ‘अनमॉडिफायेबललिस्ट’मध्ये गुंडाळली आणि तिचा इटरेटर दिला.

सहकारी कुरकुरला, “मॅडम, यात मध्ये काहीच घालता येत नाही. एखाद्या मुलीची खरंच अडचण असली तर?”

प्रश्न रास्त होता. आणखी एक मेथड लिहिली, ‘अग्रक्रम दे’. ती नावाबरोबर कारणही मागते, आणि कारणाची जागा रिकामी असेल तर एक्सेप्शन फेकते.