गोडवा गेल्यावर उरलेलं द्राक्ष

द्राक्षं घातली आहेत म्हटलं की जीभ गोडाची वाट पाहते. ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागातल्या ‘काँतियाँ’ या ब्रुअरीची ‘विन्येरॉन’ ही अपेक्षा पहिल्याच घोटात मोडीत काढते. १९०० पासून चालत आलेल्या या कौटुंबिक कारखान्यात मस्कत जातीची पांढरी द्राक्षं बिअरमध्ये मुरवतात आणि हाती येतं ते खणखणीत आंबट, अजिबात गोडी नसलेलं पेय. मग त्यात द्राक्षाचं उरतं काय? या बिअरची खरी मजा तेच शोधण्यात आहे.

तिचा पाया म्हणजे लांबिक. मोड आणून वाळवलेली बार्ली आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचं गोडसर पाणी हॉप्स घालून उकळतात. हॉप्स मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने घेतात. त्यांचा कडवटपणा बराचसा उतरलेला असतो, पण नासवणाऱ्या जिवाणूंना रोखण्याचा गुण शाबूत असतो. मग ते पाणी माळ्यावरच्या तांब्याच्या रुंद, उथळ हौदात रात्रभर उघडं ठेवतात आणि नंतर लाकडी पिंपात भरतात. विरजणासारखं यीस्ट कुणी घालत नाही. ते हवेतून येतं, लाकडी पिंपातून येतं. उन्हाळ्याच्या हवेत नासवणारे जिवाणूही फार असतात, म्हणूनच हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. पिंपात जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, तर ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट साध्या यीस्टला न पचणारी साखरही सावकाश संपवतं.

अशा मुरलेल्या लांबिकमध्ये लिटरला सुमारे ३०० ग्रॅम द्राक्षं पडतात आणि आंबणं पुन्हा सुरू होतं. द्राक्षाची साखर यीस्ट फस्त करतं. मागे राहतो सालीचा सुगंध, द्राक्षाचं स्वतःचं टार्टारिक आम्ल आणि साल-बियांचं टॅनिन. मर्लोसारखी काळी द्राक्षं घातलेल्या, याच ब्रुअरीच्या ‘सँ-लामविनुस’ या बिअरमध्ये रंग लालसर होतो, तुरटपणाही वाढतो.

विन्येरॉन बर्फासारखी गार पिऊ नये. थंडीने वास मिटतो. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी आणि वाइनच्या ग्लासात ओतावी. आधी वास घ्यावा. मस्कतचा फुलांसारखा दरवळ येतो, त्यामागे ओलसर लाकडाचा, गोठ्याकडे झुकणारा ब्रेटानोमायसिसचा वास. घोट छोटा घ्यावा. आंबटपणा जिभेच्या कडांना झोंबतो आणि तोंडाला पाणी सुटतं. घोट गिळल्यावर घाई करू नये. हिरड्यांवर हलकी, कोरडी पकड जाणवते, ती द्राक्षाच्या सालीची.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. तिसऱ्या-चौथ्या घोटापर्यंत जीभ आंबटाला सरावते आणि त्यामागची चव उलगडते. गोडवा हा द्राक्षाचा सर्वांत बोलका गुण. तो बाजूला झाल्याशिवाय साल आणि बी काय सांगतात ते ऐकू येत नाही, आणि ते ऐकवणं या बिअरला फार सुंदर जमतं.