फिट्टंफाट

टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो नाच. काळा सूट, तांबडा झगा, दातांत धरलेला गुलाब. हे सारे सिनेमाचे देणे. पण टँगोला शब्दही आहेत, आणि ते पुष्कळदा फसवल्या गेलेल्या पुरुषाचे आहेत.

१९१७ साली कार्लोस गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ गायले आणि टँगोगीताचे वळणच ठरून गेले. सामुएल कास्त्रिओताच्या चालीवर पास्कुअल कोन्तुर्सीने शब्द बसवले होते. ती सोडून गेली आहे आणि तो खोलीतल्या एकेका वस्तूकडे बघत बसला आहे. बस्स, एवढेच. त्या काळच्या ब्वेनोस आयरिसमध्ये जवळजवळ निम्मी वस्ती परदेशातून आलेली, त्यात बाप्येच अधिक. इटली-स्पेनहून पोटासाठी आलेल्या माणसाला रिकामी खोली म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको होते. आपल्याकडे विराणी बहुधा तिच्या तोंडी असते; इथे तो रडतो.

माझ्यातल्या निवृत्त बँकवाल्याला भुरळ घालते ते मात्र ‘मानो आ मानो’. शब्द सेलेदोनिओ फ्लोरेसचे; गार्देलने ते १९२३ साली ध्वनिमुद्रित केले. नावाचा अर्थच फिट्टंफाट! पैसेवाल्याकडे गेलेल्या प्रेयसीला तो बजावतो, की आपले देणेघेणे मिटले; चुकून काही किरकोळ बाकी राहिली असलीच, तर ती त्या नव्या भोळसटाच्या नावे टाक. इतका चोख हिशेब! आणि शेवटी हाच गृहस्थ सांगतो, की म्हातारपणी तुला कुणी विचारीनासे झाले तर माझ्याकडे ये. खाते बंद करायला तावातावाने येणारा ग्राहक पासबुक मात्र खिशात घालून जातो, तसे हे.

एन्रिके सान्तोस दिसेपोलोने याच दुखण्याचा फार्स केला. १९२८ सालच्या त्याच्या ‘चोर्रा’ या गाण्यातल्या दुकानदाराला प्रेयसीने सहा महिन्यांत गल्ल्यापासून गाळ्यापर्यंत धुऊन नेलेले असते. तिची आई म्हणे वीरपत्नी! मागाहून कळते, की ती नामांकित चोरटी आहे. आणि रणांगणावर पडलेला तो वीर मेलेलाही नाही, लढलेलाही नाही. तो गजाआड आहे.

हसू येते खरे, पण या गाण्यांत तिची बाजू सहसा येत नाही. ‘मानो आ मानो’मधली ती पूर्वी भाड्याच्या खोलीत गरिबीशी झगडत होती, हे गाणाऱ्याच्याच तोंडून निसटते. ते जाता जाता. तिला भूक लागत असेल, भविष्याची भीती वाटत असेल, याची नोंद या खतावणीत नाही. फसवणूक झाली ती फक्त त्याची!

आणि गंमत पाहा. दिसेपोलोचेच ‘एस्ता नोचे मे एम्बोर्राचो’ हे गाणे आहे. जिच्यापायी सर्वस्व गमावले, तीच उतारवयात, रूप ओसरलेली अशी दिसते आणि तो दारू जवळ करतो. १९२८ साली हे गाणे लोकप्रिय केले ते आसुसेना माइसानी या बाईने. ती अनेकदा पुरुषी पोशाख करून रंगमंचावर उभी राहत असे. बाईच्या गळ्यातून पुरुषाचे गाऱ्हाणे, तेही बाईविरुद्ध. प्रेक्षागारातल्या बायका ते ऐकताना एकमेकींकडे बघून काय पुटपुटत असतील, त्याची चाल कुणी बांधली नाही.