न पाहिलेला मृत्यू आणि अडकलेलं दुःख

माणूस गेला की रडायचं, दहावं-तेरावं करायचं, वर्षश्राद्धापर्यंत सावरायचं, हा आपला रिवाज. २०२०-२१मध्ये कोरोनाच्या साथीत तोच मोडला. ॲम्ब्युलन्समध्ये बसवलेला माणूस, मग वॉर्डातून आलेला फोन, आणि अंत्यविधीला वीसच जणांना परवानगी. पिशवीची चेन उघडून शेवटचं दर्शन देण्याची मुभा केंद्राच्या नियमात होती. पण कित्येकांना चेहरा दिसलाच नाही. अशा घरांत काहींचं दुःख जागीच अडकून बसलं.

समजा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला एक फिटर तेव्हा गेला. दोन वर्षांनीही त्याची बायको सकाळी डबा भरायला घेते, कंपनीच्या रस्त्याला पाऊल टाकत नाही, आणि ‘मी कामावर जाऊच दिलं नसतं तर?’ हा प्रश्न तिची पाठ सोडत नाही. याला आता निदान आहे: प्रदीर्घ शोक विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मोठ्यांसाठी वर्षभर थांबतात. आपल्या चालीरीतींच्या मानानेही दुःख फार लांबलं आणि रोजचं जगणं अडलं, तरच हे नाव लावायचं. वर्षभर रडणारी प्रत्येक बाई आजारी नसते, हे नातेवाइकांनी आधी ध्यानात घ्यावं.

यावर कोलंबिया विद्यापीठाच्या कॅथरिन शीअर यांनी बसवलेल्या उपचारात साधारण सोळा बैठका असतात. सुरुवातीला एक वही. दिवसात दुःख कधी चढलं, कधी उतरलं, ते आकड्यात लिहायचं. ते उतरतंही, हे पुष्कळांना वहीतच पहिल्यांदा दिसतं. एका बैठकीला घरचं जवळचं माणूसही बोलावतात.

मग अवघड भाग. डोळे मिटून ती फिटरची बायको वॉर्डातून आलेल्या फोनची घटना आत्ता घडतेय अशी सांगते: ‘फोन वाजतोय. मी गॅस बंद करतेय.’ समुपदेशक मध्ये तोडत नाही, अधूनमधून त्रास किती ते फक्त विचारतो. कथन रेकॉर्ड होतं. ती ते घरी रोज ऐकते. ऐकून झालं की बाजूला ठेवायचं आणि मनाला बरं वाटेल असं काही करायचं, हेही आधी ठरलेलं असतं. क्रूर वाटतं खरं. पण जे पाहायला मिळालं नाही ते शब्दांत उभं राहतं, आणि पुनःपुन्हा सांगताना ‘तर?’ची धार बोथट होते.

याच्याच जोडीने टाळलेल्या जागा. आधी शेअर रिक्षाचा स्टँड, पुढच्या खेपेला कंपनीचं गेट. पुढे एका बैठकीत ती नवऱ्याशी बोलते आणि त्याच्या वतीने उत्तरही स्वतःच देते. आता तिला स्वतःला काय करायचंय, ही चौकशी पहिल्या काही बैठकांपासूनच चालू असते.

२००५च्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के लोकांना फरक पडला, नेहमीच्या एका मानसोपचाराने २८ टक्क्यांना. म्हणजे हा रामबाण नव्हे. २०१६मध्ये नैराश्याची गोळी जोडून पाहिली: नैराश्य उतरलं, शोकात मात्र भर म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही. त्यामुळे नुसत्या गोळ्यांवर भागवलं जात असेल तर डॉक्टरांना बैठकांबद्दल जरूर विचारावं.

ही पद्धत शिकलेले समुपदेशक सगळीकडे भेटत नाहीत. सुरुवात टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरून करता येते. चोवीस तास, मराठीतही. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र बैठकांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.