कच्ची वही, पक्की वही

गृहपाठाचे गुण निकालात धरावेत की नाही, हा प्रश्न वरवर शिक्षकांचा वाटतो. खरे तर तो घराघरांतला आहे. गृहपाठ ज्या घरात होतो, ते घर प्रत्येकाचे सारखे नसते.

२०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा राज्य मंडळाने शंभर गुणांची वेगळी वाटणी केली. पन्नास नववीच्या निकालावर, तीस दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावर आणि वीस गृहपाठ, तोंडी वा प्रात्यक्षिक परीक्षेवर. निकाल लागला ९९.९५ टक्के! त्या वर्षी इलाज नव्हता, हे खरेच. पण २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातचे वीस गुण काढले आणि तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले, निकाल ९५.३० झाला. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, २०२० मध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. तेव्हा सारे खापर एकावरच फोडू नये. तरी शाळेच्या हातचे गुण किती सैल सुटतात, याचा अंदाज येतो.

माझी हयात बँकेत गेली. तिथला पहिला धडा असा, की व्हाउचर लिहिणाऱ्याने ते स्वतः पास करायचे नाही. गृहपाठात तर लिहिले कोणी, हेच ठाऊक नसते. अक्षर मुलाचे, उत्तर गाइडातले आणि प्रकल्पाचा पुठ्ठा रात्री अकराला बाबांनी चिकटवलेला. पैसे टाकले तर प्रकल्प दुकानात तयारही मिळतो. उलट शाळेतून येऊन पाणी भरणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी, एका खोलीत टीव्हीशेजारी वही उघडणारी मुलगी पाहा. तिच्या वहीतले कोरे पान आळसाचे नसते. त्याला शून्य देणे म्हणजे तिच्या घराला शून्य देणे.

गुण नसतील तर मुले गृहपाठ करणारच नाहीत, असे शिक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण धाकाने गृहपाठ होतो, अभ्यास होतोच असे नाही. जुन्या दुकानदारांकडे कच्ची वही असे आणि पक्की असे. कच्चीत खाडाखोड चाले. गृहपाठ ही कच्ची वही. तिथे चुकायचे, खोडायचे, विचारायचे. चुकीला दंड लावला की मूल शेजारच्याचे उत्तर उतरवते आणि नेमके कुठे अडले, ते बाईंना कळतच नाही. १९९३ मध्ये यशपाल समितीने तर प्राथमिकच्या मुलांना पुस्तकी गृहपाठच नको, असे सुचवले होते.

एका तीन तासांच्या पेपरावर सारे वर्ष तोलणेही न्यायाचे नाही. म्हणून शाळेच्या हातचे गुण जरूर ठेवावेत, पण वर्गात बाईंच्या डोळ्यांदेखत झालेल्या कामाला: तोंडी उत्तर, प्रयोग, तिथेच लिहिलेला निबंध. गृहपाठाला गुण नकोत, लाल शाईतली एक ओळ हवी: ‘इथे हातचा विसरलीस.’ साठ वह्यांवर अशी ओळ लिहायला बाईंना वेळ हवा. मतदारयाद्या आणि सर्वेक्षणांतून त्यांची सुटका करणे हे सरकारचे काम. आपले, पालकांचे काम त्याहून सोपे आहे. रात्री पुठ्ठा मुलाच्या हाती द्यावा आणि नुसते शेजारी बसावे.