दोघांचें विमान आणि घरीं राहिलेलें मूल

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे घरोघर प्रवासाचे बेत होतात, आणि बेतांबरोबर वादही होतात. यंदां आमच्या चिंचवडच्या घरीं असाच प्रसंग आला. आमचे चिरंजीव आणि सूनबाई दोघेंही चाकणच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. पहांटे बाहेर पडावें आणि दिवेलागणीनंतर परतावें, हा वर्षभराचा क्रम. दोघांनीं मोटार आळीपाळीनें हांकीत लडाखपर्यंत जाण्याचें ठरविलें. तेरा महिन्यांचा नातू तीन आठवडे आमच्यापाशीं राहावयाचा होता. आमच्या कुटुंबास हें रुचलें नाहीं. "आईनें लेंकरूं मागें ठेवून इतक्या दूर जावेंच कशाला?" असा त्यांचा प्रश्न. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत; परंतु त्या रात्रीं त्यांचें लक्ष ताटांत नव्हतें. निवाडा अर्थातच आमच्याकडे आला.

पतिपत्नींचा विमानप्रवास ही कल्पना संस्कृत वाचणारांस नवी नाहीं. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम सीतेस पुष्पकांतून अयोध्येस आणतो. खालीं समुद्र, जनस्थान, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम एकामागून एक जातात. हा सर्ग आम्हीं कितीदां तरी वाचला आहे. त्यांत वर्णन करतो तो राम, सीता ऐकते. विमान स्वामीच्या इच्छेनेंच चालत असल्यामुळें तिनें करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. लोखंडालाकडाच्या विमानांत मात्र असें भागत नाहीं. याचें उत्तम उदाहरण म्हणजे १९३१ सालच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कहून चीनपर्यंत गेलेलें लिंडबर्ग दांपत्य होय.

चार्लस लिंडबर्ग यांनीं १९२७ सालीं न्यूयॉर्क ते पॅरिस हा अटलांटिकवरील प्रवास एकट्यानें, कोठेंही न उतरतां, साडेतेहतीस तासांत केला, हें वाचकांस ठाऊक असेलच. १९२९ सालीं त्यांचा ॲन मॉरो यांच्याशीं विवाह झाला. पुढें अमेरिकेहून पूर्वेकडे विमानमार्ग काढतां येईल काय, हें पाहावयाचें ठरलें. घरांत पृथ्वीचा गोल असेल तर न्यूयॉर्क व टोकियो यांवर दोरा ताणून पाहावा. तो पॅसिफिकच्या मध्यावरून न जातां उत्तरेस कॅनडा व अलास्का यांवरून जातो. सपाट नकाशांत जो वळसा दिसतो, तोच गोलावर जवळचा रस्ता ठरतो. तिकडील सरोवरें व खाड्या उन्हाळ्यांत मोकळ्या होतात, म्हणून विमानास चाकांऐवजीं तरंगक लावले होते. त्या 'लॉकहीड सायरस' विमानांत एकापुढें एक अशा दोनच जागा होत्या.

मागील जागेवर ॲनबाई बसत. परंतु त्या उतारू नव्हत्या. त्यांनीं स्वतः विमान चालविण्याचा परवाना मिळविला होता, आणि या प्रवासासाठीं बिनतारी यंत्र व मोर्सची लिपि शिकून घेतली होती. उडाल्यावर लांब तार खालीं सोडावी, उतरण्यापूर्वीं ती गुंडाळून घ्यावी, ठिकाणें व हवामान ठिपक्यारेघांत पाठवावें आणि टिपावें, हें काम त्यांचें.

२७ जुलै १९३१ रोजीं हीं दोघें न्यूयॉर्कहून निघालीं. ओटावा, हडसनचा उपसागर, उत्तर टोंकावरील पॉइंट बॅरो, नोम, नंतर बेरिंग समुद्र ओलांडून कामचात्का असा मार्ग होता. जपानच्या उत्तरेस कुरील बेटांवर दाट धुक्यानें रस्ता अडविला, आणि केतोई बेटाजवळ त्यांना समुद्रावर उतरावें लागलें. बिनतारी संदेशांमुळें ठावठिकाणा कळला व जपानी जहाज मदतीस आलें. पतीचें कौशल्य कितीही थोर असलें, तरी त्या दिवशीं पत्नीच्या बोटांचें काम अडून राहिलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार करावा. १९३४ सालीं नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीनें ॲनबाईंना हबर्ड पदक दिलें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच बेरिंग समुद्रावरून २०१९ सालीं आपल्या बोरीवलीची आरोही पंडित लहानशा विमानांतून एकटीच पार गेली, हेंही येथें अभिमानानें नमूद करावेंसें वाटतें.

चीनमध्यें त्या वर्षीं यांगत्से नदीस प्रलय आला होता. या दांपत्यानें बुडालेल्या मुलखाची विमानांतून पाहणी करून दिली. पुढें हांकौ येथें ब्रिटिश जहाजावरून विमान नदींत सोडतांना तें प्रवाहांत उलटलें, व दोघांनाही पाण्यांत उड्या घ्याव्या लागल्या. इतक्यांत ॲनबाईंचे वडील वारल्याची तार आली, आणि दोघें बोटीनें घरीं परतलीं.

आतां आमच्या कुटुंबाच्या प्रश्नाकडे वळूं. या दांपत्यास एक मुलगा होता. निघतेवेळीं तो तेरा महिन्यांचा, म्हणजे आमच्या नातवाएवढाच. त्यास आजोळीं ठेविलें होतें. पुढें १ मार्च १९३२ रोजीं तें मूल चोरीस गेलें, आणि मे महिन्यांत त्याचें प्रेत सांपडलें. हें ऐकून "पाहा, मूल टाकून गेल्याचें फळ!" असें कोणी म्हणेल. परंतु आईबाप पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास होते तेव्हां तें आजीपाशीं सुखरूप होतें. चोरीस गेलें त्या रात्रीं आईबाप त्याच घरांत होते. दैवाचे हिशेब आपल्या तर्कानें चालत नाहींत. मात्र दुसराही हिशेब आहे, आणि तो आम्हीं सूनबाईंपासून लपविला नाहीं. वीस महिन्यांच्या त्या संगतींतून सुमारें तीन महिने प्रवासांत गेले, आणि ते परत मिळण्यासारखे नव्हते.

लिंडबर्ग यांचीं पुढील राजकीय मतें व खासगी वर्तन आम्हांस अनुकरणीय वाटत नाहीं. पण त्या उन्हाळ्यापुरतें एवढें खरें, कीं विमानांत दोन जागा असल्या तरी प्रवास तिघांच्या बळावर झाला. तिसरी ती आजी. तिचें नांव कोणत्याही पदकावर नाहीं. एकत्र कुटुंबाचा उपयोग सुनेस घरीं अडकविण्यासाठीं नसून तिला निर्धास्तपणें जातां यावें यासाठीं आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून आम्हीं निवाडा दिला: जावें; पण तीन आठवड्यांच्या ऐवजीं दोनच, आणि जेथें दूरध्वनि लागेल तेथून रोज संध्याकाळीं बाळास आवाज ऐकवावा.

कुटुंब बराच वेळ गप्प होत्या. मग सूनबाईंस इतकेंच म्हणाल्या, "ह्याला नाचणीची पेज किती वाजतां देतेस, तें कागदावर लिहून ठेव गं."